पुढच्या वर्षीचा रकाना

एप्रिल लागला की मला हात दिसू लागतात. उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेलेला, कोपर वर, बोटं डावा कान शोधत असलेली. लहान लहान हात, कोपरावर पांढरट मळ, मनगटात काळा दोरा. दुर्गच्या मोहन नगरात आमच्या घरावरून हल्ली शाळांच्या जाहिरातींचा ऑटो फिरतो. 'ॲडमिशन चालू है, सीटें सीमित हैं' असं त्याचा भोंगा दिवसभर ओरडतो. मी गच्चीवर मुगवड्या घालत असते आणि 'सीटें सीमित' ऐकलं की माझी बोटं पिठात तशीच राहतात. सून खालून विचारते, "आई, काय झालं?" काही नाही म्हणते. काय सांगणार तिला? रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी माझा एप्रिल अजून रिटायर झालेला नाही.

शाळेत पुढच्या जुलैला किती मुलं येतील याचा अंदाज बांधणं, हे माझं काम होतं. तशी मी भिलाईच्या एका सेक्टरातली पहिलीची मास्तरीण. पण माझं गणित बरं आणि अक्षर त्याहून बरं, म्हणून वार्षिक परीक्षा आटोपल्या की शाळांच्या ऑफिसातून बोलावणं यायचं. मग दोन महिने सायकलवरून घरोघर हिंडायचं, लेकरं मोजायची, कागद भरायचा. क्वार्टरांच्या गल्लीत मी शिरले की पोरं आधीच पळत सुटायची, "गिनतीवाली बाई आ गई!" मला त्या नावाचा राग यायचा नाही. उलट मला ते आवडायचं. बायका पाणी द्यायच्या, तेंदूची फळं द्यायच्या, आपल्या जावेला किती मुलं आहेत हेही न विचारता सांगायच्या.

भिलाई तेव्हा वाढत्या अंगाची होती. वाढत्या अंगाच्या पोरीचा फ्रॉक शिवताना आई कशी खाली बोटभर जास्तीची दुमड ठेवते, तशी शाळा बांधावी लागायची. आज पुरली तर परवा अपुरी. पोलाद कारखान्यात एखादी नवीन मिल सुरू होणार म्हटलं की बाहेरगावचे तरणे पोरगे भरती व्हायचे, दोन वर्षांत त्यांची लग्नं, मग क्वार्टर, मग पाळणा. हे सगळं आधीच ओळखायचं आणि कागदावर मांडायचं. मला ते शिकवलं घाटोळे बाबूंनी. गोंदियाकडचे, ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क, नाकावर जाड चष्मा आणि खिशात अडकित्ता. सुपारी कातरता कातरता ते पुढच्या सहा वर्षांचं भविष्य सांगायचे.

"बाई, तुमी लग्नाचा बँड मोजा," ते म्हणायचे. "आज जो बँड वाजून राहिला ना, तो सात सालांनं तुमच्या दारात पाटी घेऊन उभा राहते."

मी हसायचे. पण त्यांचं खरं निघायचं. दवाखान्यातल्या सहा वर्षांपूर्वीच्या जन्मांचा आकडा ते आणायचे, त्यातून गाव सोडून गेलेले वजा करायचे, नवीन आलेले मिळवायचे, आणि मी आणलेल्या घरोघरच्या मोजणीशी ताडून बघायचे. दोन्ही जुळले की सुपारीचं एक खांड मला द्यायचे. तेवढंच बक्षीस. एका गोष्टीत मात्र फार कडक. कागदावर खाडाखोड नको. तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून लिहिलेला तक्ता असायचा. एक आकडा खोडला तर तिन्ही कागदांवर डाग. "अंदाज चुकला तं चालते," ते म्हणायचे, "घाण नाई दिसला पायजे."

क्वार्टरांतली मोजणी सोपी होती. तिथे जन्माचे दाखले असायचे. अवघड होते कॅम्प. ठेकेदारांकडे काम करणाऱ्या मजुरांच्या झोपड्या, चटया, पत्रे, तरटं. तिथे कुणाचा जन्म कुठल्या साली झाला ते आईलाही नीट आठवत नसे. 'पूर आला होता तेव्हा', 'थोरली मेली त्याच्या आदल्या साली' असं काहीबाही. म्हणून तिथे कानाचं माप चालायचं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की लेकराची सहा वर्षं पूर्ण, पहिलीत यायला लायक. नाही लागला तर त्याची रेघ 'पुढच्या वर्षी' या रकान्यात. मग जुलैत नाव घालताना हेडमास्तर सगळ्यांची जन्मतारीख एक जुलै लिहायचे. आमच्या शाळांतली निम्मी पोरं एक जुलैलाच जन्मली आहेत. या गोष्टीवर आम्ही मास्तरणी किती हसायचो.

कानाचं माप खोटं नव्हतं हो. दाखलेवाल्या पोरांवर मी ते ताडून बघितलं होतं, बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण माप घेणाऱ्याला दिसतो तो हात. हात का थांबला, ते मापात येत नाही.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल सांगते आहे तो नसबंदीचा उन्हाळा होता.

त्या वर्षी हवाच निराळी होती. त्याच गल्ल्या, त्याच नीमाच्या पानांवर बसलेली कारखान्याची तांबडी धूळ, शिफ्टचा तोच भोंगा, उतई गावाकडून वाऱ्याबरोबर येणारा मोहाचा तोच गोडसर वास. पण मी गल्लीत शिरले की पोरं ओरडत धावत यायच्या ऐवजी आत पळायची. दारं लागायची. कागद-पेन घेऊन लेकरं मोजणारी बाई म्हणजे काय, हे त्या वर्षी सगळ्यांना ठाऊक झालेलं होतं, निदान तसं वाटत होतं. तीनच्या वर लेकरं सापडली की बापाला जीपमध्ये घालून नेतात, असं बोललं जायचं. काही खरं होतं, काही वाढवलेलं होतं. दारापलीकडच्या माणसाला त्यातला फरक कुठे कळणार?

मी मात्र चिडायचे. मला वाटायचं, मी यांच्या मुलांच्या भल्यासाठी उन्हातान्हात फिरते आहे आणि हे माझ्या तोंडावर दार लावतात. डोक्यावर ओला दुपट्टा, पर्समध्ये लू लागू नये म्हणून कांदा, आणि मनात हा असा फणकारा. तेव्हा माझं वय सव्वीस-सत्तावीस. शहाणपणाची फार घमेंड होती.

आमच्या शाळेच्या वाट्याला येणारा कॅम्प उतईच्या रस्त्याच्या अलीकडे होता. त्या कॅम्पातून किती पोरं पहिलीला येतील, यावर एक मोठी गोष्ट ठरणार होती. आमच्या पहिलीचे वर्ग भरलेले होते. वाढीव पोरं वीस निघाली तर ऑफिस नवी तुकडी द्यायला तयार होतं. एक मास्तरीण, एक फळा, बसायला टाटपट्ट्या, आणि खोली नाही म्हणून पत्र्याची शेड. एकोणीस निघाली तर तुकडी नाही. मग त्या पोरांनी मालगाड्यांचे रूळ ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं. म्हणजे कोणी जाणार नाही. सहा वर्षांच्या पोराला डब्यांच्या खालून शाळेत कोण पाठवतं?

हे मला माहीत होतं. आपल्याला माहीत नव्हतं असं मी या सगळ्या वर्षांत स्वतःला कधी सांगू शकले नाही, हीच तर अडचण आहे.

तीन दिवस मी त्या कॅम्पात फिरले. एकेक दार उघडायला लावलं. भंडाऱ्या-गोंदियाकडच्या बायांशी आपल्या बोलीत बोलले, छत्तीसगढी बायांशी मोडकंतोडकं छत्तीसगढी बोलले. शेवटच्या दुपारी माझ्या कागदावर एकोणीस रेघा झाल्या होत्या आणि एक झोपडी राहिली होती.

दारात सगुणाबाई बसली होती. भंडाऱ्याकडची, नवरा ठेकेदाराकडे विटा वाहायचा. ती बासी खात होती, पाण्यातला शिळा भात, सोबत कांदा. मला बघून तिने ताटली बाजूला सरकवली.

"किती लेकरं हायेत जी तुमाले?" मी विचारलं.

"दोन."

मागे भिंतीशी पाच ताटल्या उपड्या घातलेल्या होत्या. बाजेखालून एक इवलंसं पाऊल दिसत होतं आणि ते हळूच आत ओढलं गेलं.

"मी शाळेतली हाओ व बाई. ऑपरेशनवाली नाई."

"सारेच असंच म्हनतेत."

तेवढ्यात झोपडीमागून एक पोरगी आली. तिच्या हातात पाण्याचा डबा होता, मी आले आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. लपायची वेळ टळून गेली होती. फ्रॉकचा रंग ओळखू येत नव्हता, केस तेल नसल्यामुळे तांबूस झालेले. डोळे मात्र असे, की त्यांनी माझ्याआधी मलाच मोजून घेतलं.

"हे कोन?"

"शेवंती. लहान हाय ते," सगुणाबाई घाईने म्हणाली. "चार सालाची."

चार सालाची ती नव्हतीच. "ये बेटा," मी म्हटलं. "कानाले हात लाव बरं असा, डोक्यावरून."

शेवंतीने आईकडे पाहिलं. आईने नुसता पदर तोंडाशी धरला. मग पोरीने डबा खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसला आणि डोक्यावरून नेला. बोटं केसांवरून खाली आली. कानाच्या वर, बोटभर अंतरावर, थांबली.

"नाई पोचत," सगुणाबाई म्हणाली. तिने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मी शेवंतीची रेघ 'पुढच्या वर्षी'च्या रकान्यात ओढली. खाली बेरीज लिहिली, एकोणीस. सायकल काढली. रस्त्याला लागताना चेन निसटली म्हणून उतरले, आणि सहज मागे वळून पाहिलं.

झोपडीसमोर पाच-सहा पोरं जमली होती. बाजेखाली लपलेलीही बाहेर आलेली. मध्ये शेवंती उभी होती. तिने उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाची पाळी चिमटीत पकडली होती आणि ती ओढून ओढून सगळ्यांना दाखवत होती. जीभ बाहेर काढून हसत होती. हात आरामात पोचत होता, वर दोन बोटं उरत होती.

मी तिथे किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. बाभळीची सावली होती, चेन बसवून झाली होती, हात काळे झाले होते. परत जायला शंभर पावलं. पण तीन प्रतींवर बेरीज लिहून झालेली. खोडली तर डाग. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. मागची सलग तीन वर्षं माझा अंदाज एका-दोघा पोरांच्या फरकाने बरोबर आला होता. पुरुषांच्या त्या ऑफिसात घाटोळे बाबू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बाईचा आकडा म्हंजे पक्का." मला त्या वाक्याची चटक लागलेली होती. आईला पोरीला शाळेत पाठवायचंच नाही, मग ही विसावी जुलैत आली नाही तर माझा आकडा हुकेल, असा विचार मी केला. पोरीचा हात पोचला नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पोचला हेही डोळ्यांनीच पाहिलं होतं. त्यातलं मला सोयीचं होतं ते मी लिहिलेलं ठेवलं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. हे मिलमधून पहिल्या शिफ्टचे येऊन मोरीत हात धूत होते.

"मंग वीस लिहून टाक ना," ते म्हणाले. "एकानं काय होते?"

"एकानंच तर होते," मी म्हटलं.

"मंग तं लिहूनच टाक."

इतकं सरळ. पण सरळ गोष्ट नवऱ्याने सांगितली की बायकोला ती पटत नाही, हाही जुनाच नियम. तक्ता द्यायला अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी कपाटातून तो कागद चार वेळा काढला आणि चार वेळा ठेवला. सोमवारी ऑफिसात तक्ता देताना घाटोळे बाबूंना आडून विचारलं, एखाद्या पोराने मुद्दाम हात आवरला तर काय लिहायचं?

त्यांनी अडकित्ता थांबवला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

"जे दिसते ते लिवा बाई," ते म्हणाले. "पोट्ट्याचं मन मोजाचं काम आपलं नाई." मग अडकित्ता खाली ठेवून, "पन तुमाले काही येगळं दिसलं असन तं आताच सांगा. कागद अजून माह्याकडंच हाय."

मी म्हटलं, नाही. वेगळं काही नाही.

नवी तुकडी मंजूर झाली नाही. त्या एकोणीस पोरांची नावं रुळांपलीकडच्या शाळेकडे गेली. जुलै उजाडला, वर्ग भरले, आणि महिनाअखेर ऑफिसात आकडे आले. आमच्या शाळेचा माझा अंदाज पोरावर पोर जुळला. एकही इकडेतिकडे नाही. घाटोळे बाबूंनी त्या दिवशी सुपारीच्या ऐवजी पेढा आणला. जुळणारच होता की. शेडच नाही तर शेडमधली पोरं कुठून मोजणार? जी यायची होती त्यांना आम्ही आधीच 'येणार नाहीत' म्हणून ठेवलं होतं. पेढा माझ्या तोंडात फुटत नव्हता. रुळांपलीकडच्या शाळेत त्या एकोणिसातली चार आली होती.

पेढ्याच्या आधी, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात, एक गोष्ट घडली होती. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा.

मधली सुट्टी संपून घंटा झाली होती. मी वर्गाच्या दारात पोरांना आत ढकलत होते. फाटकाशी एक पोरगी उभी दिसली. तोच फ्रॉक, पण धुतलेला. केसांना तेल. काखेत कोपरा फुटलेली पाटी. मी जवळ गेले तशी तिने हात डोक्यावरून नेला आणि कानाची पाळी धरली.

"पोचते बाई," ती म्हणाली.

"तवाही पोचत होता ना व शेवंती?"

तिने मान डोलावली. "आईनं म्हनलं होतं, पोचू देऊ नोको. पोचला तं बाबाले नेतीन."

"आन् आता?"

"आता बाबाचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "आता पोचला तं चालते."

कान तिने सोडलेला नव्हता. परवानगी मिळेपर्यंत सोडायचा नसतो असं तिला वाटत असावं. माझ्यामागे वर्गात पोरं दाटीवाटीने बसलेली, टाटपट्टीवर तसूभर जागा नव्हती. हेडबाईंनी कालच बजावलं होतं, आता एकही नाव घ्यायचं नाही, कॅम्पातलं एक घेतलं की सगळा कॅम्प दारात येईल. सगळं खरं होतं. तरी एक पोर बसलं असतं. माझ्या खुर्चीजवळ, फळ्याखाली, कुठेही. पण नाव न घेता बसवलं असतं तर? कोणी आलं असतं तपासायला, विचारलं असतं, ही कोण? मग कागद निघाला असता, रकाना निघाला असता. मला तिची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. सहा वर्षांच्या पोरीची.

"औंदा जागा नाई बेटा," मी म्हटलं. "पुढच्या साली येजो."

"पुढच्या साली पक्कं?"

"पक्कं. तुहं नाव लिवून ठेवलं हाय मी."

"पुढचं साल कवा येते?"

"आंबे संपले की."

ती हसली. मग तिने कान सोडला, पाटी सावरली आणि गेली. फाटकाबाहेर चिखल होता, ती त्यातून कडेकडेने, फ्रॉक जपत गेली.

पुढच्या एप्रिलला मी मोजणीची पहिली दुपार त्या कॅम्पासाठी राखून ठेवली. पर्समध्ये कांद्यासोबत एक नवी पाटी होती. उतईच्या रस्त्याला लागले, बाभूळ ओलांडली, आणि पुढे मैदान होतं. झोपड्या नव्हत्या. ठेकेदाराचं तिथलं काम संपलं तसा तो माणसं घेऊन दुसरीकडे गेला होता, कोणी म्हणे कोरब्याकडे, कोणी म्हणे ओडिशात. जमिनीवर चुलींच्या काळ्या खुणा तेवढ्या होत्या, रांगेने. ताटल्या जिथे उपड्या घालत ती भिंतीकडची जागा मी शोधली. सापडली असं वाटलं. एका गुराख्याला विचारलं, तो म्हणाला, "ओमन तो चल दिन बाई, कब के." गेली ती माणसं, कधीचीच.

त्या वर्षीचा तक्ता लिहिताना मागच्या वर्षीच्या 'पुढच्या वर्षी' रकान्यातल्या रेघा पुढे ओढायच्या होत्या. कॅम्पाच्या सगळ्या रेघांवर घाटोळे बाबूंनी लाल पेन्सिलीने काट मारली. मी त्यातली एक पुढे आणली. मला दुसरं काय करता येणार होतं? मी तिला सांगितलं होतं, नाव लिहून ठेवलं आहे. मग नाव कुठेतरी असायला हवं.

जुलैत माझा अंदाज एकाने चुकला. त्याच्या पुढच्या वर्षीही एकाने. त्याच्याही पुढच्या वर्षी. दरवर्षी सगळं जोडून झालं, ताडून झालं की मी त्यात एक मिळवायचे आणि शेवंतीची जागा धरायचे. शेवंती आता सातची झाली, आता दहाची, आता तिचं लग्नाचं वय झालं, हे मला कळत होतं. पण रकान्यात पोरं मोठी होत नाहीत. तिथे ती सहाचीच होती, कान धरून उभी.

घाटोळे बाबू चेष्टा करायचे. "बाई, तुमचं एक लेकरू दरसाल कुठी जाते? घरून निंगते, शाळेत पोचत नाई." एकदा मात्र, ते रिटायर व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात, तक्ता बघून त्यांनी तो जास्तीचा एक बोटाने झाकला, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. त्या दिवशी मला त्यांच्यासमोर रडू आलं. त्यांनी सुपारीचं खांड पुढे केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मग वारं फिरलं. नव्वदच्या आसपास भरती थांबली, क्वार्टरांत दोन-दोनच लेकरं, तीही टाय लावून इंग्रजी शाळांच्या रिक्षात बसायला लागली. वाढत्या अंगाची भिलाई अंगाने भरायची थांबली. आता अंदाज उलटा बांधायचा, किती कमी होतील, कुठली तुकडी मोडायची. पुढे कधीतरी बांधलेल्या पत्र्याच्या शेडीत सायकली ठेवायला लागले. एका पिढीत जागेसाठी पोरं परत पाठवली आणि दुसऱ्या पिढीत पोरांसाठी बाकं रिकामी. ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्यासोबत एक चुणचुणीत पोरगा आला. माझे जुने तक्ते त्याने त्यात घातले आणि दुसऱ्याच दिवशी विचारायला आला.

"मॅडम, हर साल एक ज़्यादा है. ये एक कहाँ से आ रहा है?"

"उतई रोड से," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी गंमत करते. तो हसला आणि त्याने तो एक काढून टाकला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझा अंदाज पुन्हा पोरावर पोर जुळला, आणि निरोपाच्या भाषणात तो कोणीतरी कौतुकाने सांगितला.

आता यंदाचं. माघापासून माझा उजवा खांदा धरला आहे. डॉक्टर म्हणाले जाम झाला, व्यायाम करा. आठवड्यातून तीन दिवस सोनल येते. फिजिओची पोरगी, पूर्वी नागपूरकडची माणसं ही, घरी मराठी बोलतात म्हणे. पण माझ्याशी बोलता बोलता तिची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरते. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काकू, अब ये हाथ सिर के ऊपर से लेके जायचा, आणि दुसऱ्या साइडचा कान पकडायचा."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"कावून?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

"असंच असते ना एक्सरसाइज. कान तक पहुँचना चाहिए बस."

माझा हात कपाळापर्यंत गेला आणि कळ आली. दुसऱ्या आठवड्यात टाळूपर्यंत. मग केसांच्या भांगापलीकडे. सगळा फाल्गुन गेला, चैत्र लागला, खाली रस्त्यावर 'सीटें सीमित हैं'चा ऑटो फिरायला लागला, आणि माझी बोटं कानाच्या वर बोटभर अंतरावर येऊन थांबायला लागली. रोज तिथेच. सोनल म्हणायची, काकू तुम्ही ज़ोर नाही लावून राहिले, पोचते तुमचा, तुम्हीच थांबवता. मी म्हणायचे, नाही गं, पोचतच नाही. आणि म्हणता म्हणता मला माझाच श्वास सुटलेला ऐकू यायचा.

शेवंती असेल कुठेतरी. कोरब्याला असेल, ओडिशात असेल. पन्नाशी ओलांडली असेल तिने, नातवंडं असतील. त्यांना शाळेत घालताना अंगठा उठवत असेल की सही करत असेल, मला माहीत नाही. असेल असं मी म्हणते, तोही अंदाजच. आयुष्यभर मी लेकरं येतील की नाही ते सांगत आले. एकाच लेकराबद्दल मला सांगता येत नाही.

काल सकाळी सोनल आली. खुर्चीत बसले. हात वर नेला, टाळूवरून पलीकडे उतरवला. खांद्यात काहीतरी कट्‌ झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि बोटांना कानाची पाळी लागली. थंड, मऊ. मी ती चिमटीत धरली.

आपल्यात चूक कबूल करायची तर कान धरतात. आम्हीच शिकवायचो पोरांना वर्गात, चुकलं ना, मग धर कान.

"पोहोचला!" सोनलने टाळी वाजवली. "देखा काकू? झालं. आता सोडा."

मी सोडला नाही.

"काकू, छोड़ो ना. दुखेल."

"राहू दे बेटा," मी म्हटलं. "अजून कोनी हो म्हनलं नाई."